एका फोटोचे सारखे तुकडे कसे करावेत: फोटोशॉप आणि गिंपमध्ये, मोजमापासह

रुंद फोटोचे तीन तुकडे करून इन्स्टाग्रामवर सलग सरकणारा देखावा टाकायचा, किंवा एक मोठं चित्र चार ए-फोर कागदांवर छापून भिंतीवर चिकटवायचं. दोन्ही कामं सोपी वाटतात आणि दोन्हींत त्याच त्याच चुका होतात. एक तुकडा बाकीच्यांपेक्षा रुंद निघतो, सांध्यावर डोंगराची कड एकदम वर-खाली होते, तीन फाइल हव्या असताना सहा तयार होतात. प्रत्यक्ष कापण्याला मिनिटभरही लागत नाही. काम बिघडतं ते त्याच्या आधी, मोजमाप न करता कात्री लावल्यामुळे. म्हणून या लेखात अर्ध्याहून जास्त जागा तयारीला दिली आहे. तो भाग वगळून थेट सहाव्या टप्प्यावर जाऊ नका.

उदाहरण म्हणून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा, मोबाइलवर आडवा काढलेला फोटो घेऊ. १२ मेगापिक्सेलच्या बऱ्याच मोबाइल कॅमेऱ्यांचा फोटो ४०३२ × ३०२४ पिक्सेलचा असतो. तुमचा आकडा वेगळा असेल तर गणित त्याप्रमाणे बदला, रीत तीच राहते.

आधी ठरवा: तुकडे कुठे जाणार?

तुकडे स्क्रीनवर एकाला एक लागून दिसणार असतील, तर ते अगदी काठाला काठ लावून कापायचे. एक पिक्सेलही वाया घालवायचा नाही आणि दोनदा घ्यायचाही नाही. कागदावर छापून चिकटवायचे असतील तर शेजारच्या तुकड्यांत थोडी सामाईक पट्टी लागते, नाहीतर चिकटवताना पांढरी फट दिसते. आणि वेगवेगळ्या फ्रेममध्ये भिंतीवर अंतर ठेवून लावायचे असतील, तर त्या अंतराएवढी पट्टी चित्रातून टाकून द्यावी लागते. ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्याची रीत दुसऱ्याला लावली की कागद आणि शाई फुकट जाते. सुरुवात पहिल्यापासून करू.

टप्पा १: कागदावर गणित

इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टसाठी प्रत्येक तुकडा १०८० × १३५० पिक्सेलचा धरा. तीन तुकडे म्हणजे एकूण रुंदी ३ × १०८० = ३२४०, उंची १३५०. म्हणजे कापायच्या आधी चित्र बरोबर ३२४० × १३५० असायला हवं. ३२३८ नको, ३२४१ही नको.

आता मूळ फोटो पुरतो का ते बघा. मूळ रुंदीला १०८०ने भागा: ४०३२ ÷ १०८० = ३.७३. म्हणजे या फोटोतून तीन तुकडे पूर्ण स्पष्टतेने निघतील. चार करायचे तर ४३२० पिक्सेल लागतील आणि फोटो थोडा ताणावा लागेल. ते अजून चालून जाईल, पण पाचासाठी ५४०० लागतात आणि तिथे कड्यावरचं गवत चोपडं दिसायला लागतं. पाच तुकडे हवेच असतील तर फोटो काढतानाच पॅनोरामा मोड वापरा. नंतर सॉफ्टवेअरने मोठा केलेला फोटो हा त्याला पर्याय नाही.

भाग जात नसलेली रुंदी हे बिघाडाचं सर्वांत नेहमीचं कारण. समजा चित्र ४००० पिक्सेल रुंद आहे आणि तुम्ही तसंच तीन ठिकाणी कापलं. ४००० ÷ ३ = १३३३.३३. अर्धा पिक्सेल नावाची गोष्ट फाइलमध्ये नसते, त्यामुळे दोन तुकडे १३३३ चे आणि एक १३३४ चा होतो. अपलोड करताना प्रत्येक तुकडा वेगळा लहान केला जातो आणि सांध्यावर रेषा किंचित सरकतात.

*डीपीआयबद्दल (दर इंचाला किती ठिपके, तो आकडा):* स्क्रीनसाठी ७२ ठेवू की ३००, हा प्रश्न सतत विचारला जातो. या कामात त्या आकड्याने काहीही फरक पडत नाही. फक्त पिक्सेल मोजा. डीपीआय लागतो तो छपाईला, त्याकडे शेवटी येऊ.

टप्पा २: सगळं संपादन आधी उरका

मूळ फाइलची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. प्रतीचं नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्या. फोटोशॉपच्या 'सेव्ह फॉर वेब'मध्ये देवनागरी नाव असेल तर नाव काही ब्राउझर आणि सर्व्हरना चालणार नाही अशी सूचना येते. फाइल बिघडत नाही, पण पुढे कुठेतरी नावाच्या जागी चौकोन दिसण्यापेक्षा हे बरं.

उजेड, रंग, शार्पनिंग, कडेचा अंधार, मजकूर, चौकट, जे काही करायचं ते अखंड चित्रावर करा. क्षितिज तिरकं असेल तर तेही आत्ताच सरळ करा. कापल्यानंतर एकेका तुकड्याला 'ऑटो' दाबलं, की सॉफ्टवेअर त्या तुकड्यातला उजेड बघून वेगळा निर्णय घेतं. आकाश जास्त असलेला तुकडा गडद होतो, दरीचा तुकडा उजळतो, आणि सांध्यावर उभी पट्टी दिसते. अपलोड करताना ॲपमधला फिल्टर लावायचा मोहही याच कारणासाठी टाळा.

रंगांची प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे याची फाइलमधली नोंद) एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठी नेहमी वापरतात ती, ठेवा. दुसरी प्रोफाइल असलेला फोटो फोनवर फिका दिसू शकतो.

टप्पा ३: आधी क्रॉप, मग आकार

क्रम उलटा करू नका. आधी आकार बदलून मग क्रॉप केलं, तर नेमकी रुंदी पुन्हा बिघडते.

३२४० × १३५० चं प्रमाण २.४ : १ आहे. पूर्ण रुंदी वापरली तर क्रॉप ४०३२ × १६८० होतो. तसं करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. क्रॉपची चौकट थोडी आखूड, ३८४० × १६०० घ्या. प्रमाण तेच राहतं, आणि चौकट डावी-उजवीकडे सरकवायला १९२ पिक्सेलची मोकळीक मिळते. ती पाचव्या टप्प्यात कामाला येते.

गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉप टूलच्या पर्यायांत 'फिक्स्ड'वर खूण करा, 'ॲस्पेक्ट रेशो' निवडा आणि ३२४०:१३५० असं टाका. क्रॉप झाल्यावर 'इमेज > स्केल इमेज'मध्ये रुंदी ३२४० द्या. उंची आपोआप १३५० व्हायला हवी. १३४९ किंवा १३५१ आली तर शेजारची साखळी तोडून हाताने १३५० लिहा. एका पिक्सेलचा हा ताण डोळ्यांना दिसत नाही.

फोटोशॉपमध्ये क्रॉप टूल निवडून वरच्या पट्टीत रुंदी, उंची आणि रेझोल्यूशनचा पर्याय घेतला आणि ३२४० व १३५० टाकले, तर क्रॉप आणि आकार एकदमच होतात. आकड्यापुढे 'पीएक्स' लिहायला विसरू नका, नाहीतर सॉफ्टवेअर ते सेंटिमीटर किंवा इंच धरू शकतं.

तपासा: चित्राच्या माहितीत ३२४० × १३५० दिसतंय का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: गाइड आकड्याने लावा, हाताने नाही

गाइड म्हणजे कापायची जागा दाखवणारी, चित्रात न उमटणारी रेघ. खिडकीच्या कडेच्या मोजपट्टीवरून ओढून आणलेली गाइड १०८०वर आहे असं वाटतं आणि ती असते १०७८वर.

गिंपमध्ये 'इमेज > गाइड्स > न्यू गाइड' उघडा, दिशा 'व्हर्टिकल', जागा १०८०. पुन्हा तेच, जागा २१६०. तीन तुकड्यांना दोनच गाइड लागतात. चित्राच्या दोन्ही कडांवर गाइड लावायची गरज नाही.

टक्केवारीने गाइड लावायचा पर्यायही तिथेच आहे आणि बरेच जण त्यात ३३ आणि ६६ टाकतात. ३२४० चे ३३ टक्के म्हणजे १०६९ आणि ६६ टक्के म्हणजे २१३८. तुकडे झाले १०६९, १०६९ आणि ११०२. शेवटचा तुकडा ३३ पिक्सेल जास्त रुंद. "शेवटचा फोटो वेगळाच का कापला गेला?" या प्रश्नामागे बहुतेकदा हेच असतं.

फोटोशॉपमध्ये 'व्ह्यू > न्यू गाइड लेआउट' घ्या, कॉलम ३ आणि गटर (दोन कॉलममधलं अंतर) ० ठेवा. गटरमध्ये आधीचा एखादा आकडा राहिलेला असेल तर प्रत्येक सांध्याशी दोन-दोन रेषा येतात आणि मध्ये बारीक पट्ट्या तयार होतात. मार्जिनची खूणही काढून टाका.

टप्पा ५: सांध्यावर काय येतंय ते बघा

हा टप्पा घाईत टाळला जातो. झूम १०० टक्क्यांवर ठेवून प्रत्येक गाइडच्या बाजूने वरून खाली उतरा.

चेहरा, डोळे, हात सांध्यावर नको. कड्यावर उभी असलेली व्यक्ती बरोबर १०८०वर आली, तर पहिल्या तुकड्यात एक खांदा आणि दुसऱ्यात उरलेला माणूस असं होतं. दोन्ही तुकडे वाया. अशा वेळी गाइड सरकवू नका, कारण तुकडे असमान होतील. मागे जा, क्रॉपची चौकट सरकवा आणि तिसरा टप्पा पुन्हा करा. ती १९२ पिक्सेलची मोकळीक याच्यासाठी ठेवली होती.

कड्याची धार, ढगांची रेघ, पायवाट अशा आडव्या जाणाऱ्या गोष्टी मात्र सांध्यावरून जाऊ द्या. त्यांच्यामुळेच बघणारा पुढे सरकवतो.

चित्रावर मराठी मजकूर असेल तर शब्द एकाच तुकड्यात संपला पाहिजे. शब्द दोन तुकड्यांत गेला की शिरोरेषा सांध्यावर तुटते, आणि जोडाक्षर चिरलं गेलं तर ते वाचताच येत नाही. गाइडच्या दोन्ही बाजूंना साधारण ६० पिक्सेल मजकुरापासून मोकळे ठेवा.

आणखी एक गोष्ट. फीडमध्ये सहसा आधी दिसतो तो पहिला तुकडा. त्यात नुसतं रिकामं आकाश असेल तर पुढचे दोन बघायला कोणी थांबत नाही.

टप्पा ६: फोटोशॉपमध्ये कापणे

१. क्रॉप टूलवर दाबून धरा. खालच्या यादीत स्लाइस टूल (चित्राचे तुकडे, म्हणजे स्लाइस, आखणारं) सापडेल, ते निवडा.

२. वरच्या पट्टीत 'स्लाइसेस फ्रॉम गाइड्स' दाबा. तीन चौकटी तयार होतील आणि डावीकडून ०१, ०२, ०३ असे आकडे दिसतील. आधी हाताने काढलेल्या स्लाइस असतील तर त्या या बटणाने पुसल्या जातात, हे लक्षात ठेवा.

३. 'फाइल > एक्सपोर्ट > सेव्ह फॉर वेब' उघडा. 'एक्सपोर्ट ॲज' नको. त्याला स्लाइसशी देणंघेणं नाही, तो अखंड चित्रच काढून देतो.

४. या खिडकीत शिफ्ट दाबून तिन्ही स्लाइसवर क्लिक करा आणि मगच प्रकार व दर्जा निवडा. प्रत्येक स्लाइसची सेटिंग वेगळी असू शकते. एकच निवडून जेपेग केलं, तर बाकीच्या दोन आधीच्या सेटिंगमध्ये, म्हणजे कधी कधी जिफमध्ये सेव्ह होतात आणि आकाशात रंगांचे थर दिसतात.

५. फोटोसाठी जेपेग, दर्जा ८० किंवा जास्त. मजकूर किंवा सपाट रंगांचं चित्र असेल तर पीएनजी. 'कन्व्हर्ट टू एसआरजीबी'वर खूण असू द्या. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून दाबतं आणि प्रत्येक तुकडा वेगळा दाबला जातो. दर्जा फार उतरवला की निळ्या आकाशात सांध्यावर पुसट रेघ उमटते, ती त्यामुळेच.

६. सेव्ह करताना 'इमेजेस ओन्ली' आणि 'ऑल स्लाइसेस' निवडा. तुकडे तुम्ही दिलेल्या जागी 'इमेजेस' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. "सेव्ह केलं पण फाइल दिसत नाहीत" असं वाटलं तर आधी तिथे बघा.

गाइड न लावताही काम होतं. स्लाइस सिलेक्ट टूलने चित्रावर उजवं क्लिक करून 'डिव्हाइड स्लाइस' घ्या. शेजारी-शेजारी तुकडे हवे असतील तर 'व्हर्टिकली'समोर ३ लिहा. 'हॉरिझाँटली'समोर लिहिलंत तर एकाखाली एक अशा तीन आडव्या पट्ट्या मिळतील. इथे उलटं होणं अगदी सहज घडतं.

टप्पा ७: गिंपमध्ये कापणे

गिंप फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. 'इमेज > स्लाइस युझिंग गाइड्स' दाबा. जुन्या २.८ आवृत्तीत हेच काम 'इमेज > ट्रान्सफॉर्म > गिलोटिन' इथे आहे. तिन्ही तुकडे तीन नव्या चित्रांसारखे उघडतात, मूळ चित्र तसंच राहतं.

तीनच्या जागी सहा चित्रं उघडली, तर कुठेतरी एक आडवी गाइड राहून गेली आहे. गाइड लपवलेल्या असल्या तरी कापताना धरल्या जातात. 'इमेज > गाइड्स > रिमूव्ह ऑल गाइड्स' करून चौथ्या टप्प्यापासून पुन्हा या.

हे तुकडे अजून सेव्ह झालेले नाहीत. प्रत्येकावर जाऊन 'फाइल > एक्सपोर्ट ॲज' करावं लागतं. 'सेव्ह' दाबलं तर गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल बनते, ती इन्स्टाग्राम घेत नाही. तिन्हींना दर्जा एकच द्या (९० ठीक आहे) आणि नावात ०१, ०२, ०३ लिहा. शून्य गाळू नका. तुकडे दहाच्या वर गेले की काही ठिकाणी १ नंतर १० येतो आणि क्रम विस्कटतो.

तपासा: तिन्ही फाइलची मापं १०८० × १३५० आहेत का? मग ३२४० × १३५० चा कोरा कॅनव्हास उघडा, तुकडे ०, १०८० आणि २१६० वर ठेवा. सांधा शोधूनही सापडला नाही तर काम झालं.

टप्पा ८: फोनवर नेणे आणि टाकण्याचा क्रम

तुकडे संगणकावरून फोनवर पाठवताना व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवू नका, तिथे ते दाबले जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा केबलने न्या.

एकाच पोस्टमध्ये सरकवायचे तुकडे (एका पोस्टमध्ये २० पर्यंत चालतात) ०१ पासून क्रमाने निवडा. पहिल्या तुकड्याचं प्रमाण पुढच्या सगळ्यांना लागू होतं. म्हणून पहिला निवडताच ॲपने चौरस कापला आहे का ते बघा आणि उभ्या आकारात आणा.

प्रोफाइलच्या जाळीत (पोस्टच्या तीन-तीनच्या ओळींत) एक मोठं चित्र दिसावं म्हणून वेगवेगळ्या पोस्ट टाकत असाल तर क्रम उलटा: उजवीकडचा तुकडा आधी, डावीकडचा शेवटी. नऊ तुकडे असतील तर खालच्या ओळीतल्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात. नवी पोस्ट नेहमी वर डावीकडे येते. २०२५ च्या सुरुवातीपासून ही जाळी चौरस न राहता ३ : ४ प्रमाणात दिसते. १०८० × १३५० चा तुकडा तिथे दोन्ही बाजूंनी साधारण ३४-३४ पिक्सेल झाकला जातो आणि सांधे जुळत नाहीत. जाळीसाठीच कापत असाल तर तुकडा १०८० × १४४० चा घ्या.

छपाईसाठी: सामाईक पट्टी ठेवून

नुसतं मोठं करून अनेक कागदांवर छापायचं असेल तर हाताने कापायची गरजच नाही. चित्राची पीडीएफ करा, ॲडोबी रीडरमधून प्रिंट देताना 'पोस्टर' निवडा. सामाईक पट्टी, कापायच्या खुणा आणि कागदांची लेबलं, तिघांची सोय तिथेच आहे.

कुठला भाग कुठल्या कागदावर यावा हे स्वतः ठरवायचं असेल तर हा हिशोब घ्या. आडवा ए-फोर २९७ × २१० मिलिमीटर असतो. घरचा प्रिंटर सहसा कडेपर्यंत छापत नाही, म्हणून चारही बाजूंना १० मिलिमीटर सोडा. उरले २७७ × १९०. चार कागद, दोन-दोनच्या ओळीत, मध्ये १० मिलिमीटर सामाईक: एकूण चित्र ५४४ × ३७० मिलिमीटर. दर मिलिमीटरला ६ पिक्सेल धरले (म्हणजे १५२.४ डीपीआय) की सगळे आकडे पूर्णांकात येतात. अखंड चित्र ३२६४ × २२२०, प्रत्येक तुकडा १६६२ × ११४०, सामाईक पट्टी ६० पिक्सेल.

इथे गाइडने कापता येत नाही, कारण एकच पट्टी दोन तुकड्यांत हवी आहे. गिंपमध्ये 'इमेज > प्रिंट साइझ'मध्ये रेझोल्यूशन १५२.४ करा. मग कंट्रोल-डीने चित्राच्या चार प्रती काढा आणि क्रॉप टूलच्या पर्यायांत माप १६६२ × ११४० ठेवून जागा टाका: पहिल्याला ०, ०, दुसऱ्याला १६०२, ०, तिसऱ्याला ०, १०८०, चौथ्याला १६०२, १०८०.

सावध: प्रिंट देताना 'फिट टू पेज' बंद, प्रमाण १०० टक्के. आधी एकच कागद छापा आणि पट्टीने मोजा. चित्राची रुंदी २७.७ सेंटिमीटर भरली तरच बाकीचे तीन छापा. 'ऑटो रोटेट'ही बंद ठेवा, नाहीतर एखादा कागद वेगळ्या मापाचा निघतो.

वेगवेगळ्या फ्रेममध्ये लावणार असाल तर सामाईक पट्टी नको, उलट फ्रेममधलं अंतर चित्रातून वजा करा. दोन चित्रांच्या कडांमध्ये ५० मिलिमीटर अंतर राहणार असेल तर वरच्याच हिशोबाने ३०० पिक्सेलची पट्टी टाकून द्यायची. तसं केलं नाही तर कड्याची तिरकी धार एका फ्रेममधून निघून दुसरीत भलत्याच उंचीवर जाते. दोन चित्रांमध्ये फ्रेमच्या पट्ट्यांची जाडीही येते, म्हणून अंतर काचेतून दिसणाऱ्या चित्राच्या कडेपासून मोजा.

चिकटवताना डावीकडच्या कागदाचा उजवा पांढरा काठ कापू नका. त्याच्या शेजारच्या कागदाचा डावा काठ बरोबर चित्राच्या कडेवर कापा आणि तो पहिल्याच्या सामाईक पट्टीवर बसवा. आधी वरची ओळ जोडा, मग खालची, आणि शेवटी खालच्या ओळीचा वरचा काठ कापून ती वरच्या ओळीवर चढवा. ओल्या डिंकाने इंकजेटची शाई पसरते. दुहेरी चिकटपट्टी वापरा, आणि ती मागून लावण्याआधी सांधा समोरून जुळवून बघा.